गुडघेदुखी आणि पाणकोंबडी

चष्म्यांचा दुकानदार आपल्या नजरेबद्दल फार बढाया मारी. रस्त्यापलीकडून जाणाऱ्या माणसाच्या चष्म्याचा नंबर तो सांगे, आणि चुकला तर त्या माणसाचे डोळेच बिघडलेत म्हणे. घरापासून पंधरा मिनिटांवर असलेल्या पक्षी अभयारण्यात तो पहिल्यांदाच जाणार होता, तरी आदल्या दिवशीच त्याने जाहीर केलं, "पाणकोंबडी सगळ्यांत आधी मला दिसणार."

पहाटे साडेपाचला तो निघाला तेव्हा बायको गाढ झोपली होती. शेजारच्या खोलीत आई कण्हत होती. सहा महिने झाले, तिचे गुडघे धरले होते. ताट खोलीत, पाणी खोलीत. दुकानातून दमून आला तरी रोज अर्धा तास तो तिचे पाय चेपून देई.

तळ्याकाठच्या मचाणावर त्याच्याखेरीज आठ माणसं श्वास रोखून बसली होती. त्यांचे म्होरके एक निवृत्त गुरुजी. "बोलायचं नाही, शिंकायचं नाही," त्यांनी बजावलं होतं. धुकं विरलं. दुकानदाराने दुर्बीण पलीकडच्या काठावर फिरवली आणि त्याचा जबडा जो खाली आला तो वर जाईना.

पलीकडून आई झपाझप चालली होती. पायात त्याचेच जुने बूट. वाटेत एक ओंडका आडवा आला, तर बाईंनी वळसासुद्धा घातला नाही. सरळ ओलांडला.

"काय दिसलं?" गुरुजी कुजबुजले.

"काही नाही."

पण गुरुजींनी आपली दुर्बीण तिकडे वळवलीच. "त्या आजी होय. पाखरांपेक्षा वक्तशीर. रोज चार फेऱ्या."

"रोज?" दुकानदार असा ओरडला की समोरच्या लव्हाळ्यातून अख्खं तळं उडालं. सर्वांत शेवटी, जड अंगाने, पाणकोंबडी उडाली. तासभर तिची वाट पाहणाऱ्या आठ जणांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा नंबर काढायला तो थांबला नाही. मचाणावरून उतरून तळ्याला वळसा घालून धावत सुटला, आणि आईपासून वीस पावलांवर चिखलात घसरून आडवा झाला. गुडघ्यात कट्‌कन आवाज आला.

आई आली. तिने त्याला बखोटीला धरून एका झटक्यात बाहेर काढलं.

"आई, तुझे गुडघे?"

"घरात दुखतात."

"म्हणजे?"

"घरात जिना आहे, भांडी आहेत, तुझे पाहुणे आहेत. इथे बगळे आहेत. बगळ्यांना कुणी चहा विचारत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आणि दुखत नसते तर तू अर्धा तास माझ्याजवळ बसला असतास?"

त्याने पाय टेकवून पाहिला आणि कळवळला.

"बायकोला काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"तू गप्प बस. मी बघते."

त्याचा हात खांद्यावर घेऊन आईने त्याला घरापर्यंत आणलं. दार उघडलं आणि सूनबाईच्या हातातला कप खाली पडला. सहा महिने अंथरुणाला खिळलेली सासू ऐंशी किलोचा लेक खांद्यावर घेऊन उंबऱ्यात उभी.

"लेकरू चिखलात पडलेलं पाहिलं गं," आईचा आवाज कापरा झाला, "आणि कुठून बळ आलं, देव जाणे. गुडघे दुखतात हेच विसरले."

सूनबाईचे डोळे भरून आले. तिने सासूला मिठी मारली, पदराने डोळे टिपले, नवऱ्याला खुर्चीत बसवलं, पाण्याचा तांब्या आणला. असली थाप दुकानदाराला जन्मात जमली नसती.

पाणी पुढे करता करता सूनबाईचा हात मधेच थांबला.

"पण आई," ती म्हणाली, "हे पडले तळ्यावर. ते बघायला तुम्ही तिथवर गेलात कशा?"

आईने लेकाकडे पाहिलं, लेकाने छताकडे.

मग "अगं आई गं" म्हणत आई दोन्ही गुडघे धरून हळूच खाली बसली.