शरयूकाकू ड्रुइड होतात

आमच्या शेजारच्या शरयूकाकू कढीपत्त्याला विचारल्याशिवाय त्याचं पान तोडत नाहीत. विचारतात ते विचारतात, वर उत्तराची वाट बघत कुंडीपाशी उभ्या राहतात. तोवर गॅसवरची मोहरी तडतडून, जळून, काळी ठिक्कर पडते. त्या आमच्याकडे हौसेनं कढी करायला आल्या की हमखास स्मोक अलार्म वाजतो आणि मी स्टुलावर चढून टॉवेल हलवत बसतो.

"काकू, नाही म्हणालाय का हो तो आजवर कधी?" एकदा मी स्टुलावरूनच ओरडलो.

"म्हणाला होता ना एकदा," काकू शांतपणे म्हणाल्या. "मग केली बिनकढीपत्त्याची."

काकू मूळच्या नागपूरच्या. देश सोडून त्या इकडे वेस्ट विंडसरला आल्या तेव्हा आमच्या कॉलनीच्या जागी बटाट्याची शेतं होती म्हणे. हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या, आणि त्यांनी बेशुद्ध केलेल्या माणसांची गणती त्यांनाही नसेल. मग रिटायर झाल्या, कोविडमध्ये दिनूकाका गेले, मुलगा लांब अर्विंगला स्थायिक झाला. आणि एके दिवशी कुंपणावरून मला म्हणाल्या, "समीर, मी ड्रुइड होऊन राहिले रे."

या वयात बायका भजनी मंडळ धरतात. फार तर योगा करतात. पण काकूंचं सगळंच जगावेगळं!

ड्रुइड म्हणजे फार पूर्वी ब्रिटनकडे ओकच्या राईत पूजाअर्चा करणारे लोक. त्यांनी स्वतःबद्दल लिहून काही ठेवलं नाही, त्यामुळे आजच्या ड्रुइडांना भरपूर मोकळीक आहे. ऋतू पालटला की ते पार्कात जमतात, गोल करून उभे राहतात, झाडांना नमस्कार करतात, पूर्वजांची आठवण काढतात आणि मग पोटॅटो सॅलड खातात. हे मला इतकं तपशीलवार ठाऊक आहे, कारण मोतीबिंदूनंतर काकूंनी हायवेवर ड्राइव्ह करणं सोडलं आणि त्यांचं सारथ्य माझ्या गळ्यात पडलं. शनिवारची झोप गेली. बाकीची मंडळी पांढरे झगे घालून येतात, काकू हॉस्पिटलातला जुना पांढरा कोट चढवतात. त्यामुळे तिथे कुणाचं ना कुणाचं गुडघ्याचं दुखणं निघतंच, आणि आम्हाला परतायला दुपार होते.

"अहो, पण हे सगळं आपल्यात आहेच की," मी एकदा गाडीत वैतागून म्हणालो. "वड आहे, पिंपळ आहे, तुळस आहे. त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं?"

"वडाला फेऱ्या मारायच्या त्या नवऱ्यासाठी. पिंपळाखाली तेलाचा दिवा लावायचा तो साडेसातीसाठी. इथे झाडाजवळ कोणी काही मागत नाही रे, नुसतं भेटून येतात." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि देवळात गेलं की पहिला प्रश्न, मुलगा कुठे असतो? दुसरा प्रश्न, एकट्याच आलात? इथे आजवर कोणी विचारलं नाही."

मी जीपीएसचा आवाज वाढवला.

बरं, हे पार्कातच राहिलं असतं तरी चाललं असतं. ड्रुइड लोक विधी सुरू करण्याआधी चारी दिशांना तोंड करून शांती आहे का, असं विचारतात. सगळ्या दिशांना शांती असेल तरच पुढे जायचं. काकूंनी हे आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या मीटिंगमध्ये आणलं! गणपतीच्या जेवणात मसालेभात की पुलाव, यावर आधीच दोन तट पडले होते. काकू उभ्या राहिल्या आणि पूर्वेकडे वळून त्यांनी विचारलं, "इकडे शांती आहे का?" पूर्वेला पुलाववाले बसले होते. ते म्हणाले, "नाही!" मग काकूंनी मीटिंगच सुरू होऊ दिली नाही. शेवटी बाहेरून पिझ्झा मागवला आणि सगळे मुकाट्यानं खाऊन घरी गेले.

आमच्या घरांच्या मागे एक जुनं ॲशचं झाड होतं. या भागातल्या बहुतेक ॲशना लागली तीच कीड त्यालाही लागली. शेंडा वाळला, साल सुटली, आणि एका वादळात त्याची भली मोठी फांदी माझ्या मुलीच्या खिडकीपासून हातभर अंतरावर आदळली. कॉलनीच्या असोसिएशननं झाड तोडायचं ठरवलं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच मला काकू आठवल्या. आता काकू झाडाला मिठी मारून बसणार, पोलीस येणार, आणि समजूत काढायला मलाच बोलावणार!

पण काकू म्हणाल्या, "तोडा ना. मी डॉक्टर आहे, मला कळत नाही का? ते वाचत नाही. फक्त कोणत्या दिवशी, ते मला आधी सांगा."

नेमकं तेच कोणी सांगेना. झाडं तोडणाऱ्या कंपनीचं उत्तर एकच, हवामान बघून येऊ. झालं! काकूंनी घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेतला आणि रोज सकाळपासून झाडाखाली मुक्काम ठोकला. फांदी पडेल म्हणून मी ओरडलो, तर पोरीचं सायकलचं हेल्मेट मागून नेलं. त्यांची डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आली तेव्हा तर कमाल झाली. मला म्हणाल्या, "मी येईपर्यंत तू बस."

आणि मी बसलो. हेल्मेट घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, ॲशच्या झाडाखाली. मीटिंगमध्ये बॉसनं विचारलं, "समीर, आर यू ओके?"

काकू परत आल्या तेव्हा माझं टाळकं सणकलं होतं. "काकू, पुरे झालं हे! तुम्ही इथे आहात की नाही, त्या झाडाला काय कळतंय?"

काकूंनी थर्मासचं झाकण लावलं.

"ती नर्स पण हेच म्हणाली होती," त्या म्हणाल्या. "दिनूच्या वेळी. 'डॉक्टर, ते व्हेंटिलेटरवर आहेत. तुम्ही आत आलात काय आणि नाही आलात काय, त्यांना कळणार नाही.' तिचं बरोबरच होतं रे, कोणालाच आत सोडत नव्हते. मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून होते. जन्मभर परक्या माणसांच्या उशाशी उभी राहिले मी. आणि माझा माणूस गेला तेव्हा उशाशी कोणी नव्हतं."

मी हेल्मेटचा बंद सोडत राहिलो.

झाड तोडणारे मंगळवारी सकाळी आले. मी ऑफिसला निघालो होतो, बॅग खांद्यावर. काकूंनी त्यांच्या म्होरक्याला पाच मिनिटं मागितली. पांढरा कोट बघून तो काय समजला कोण जाणे, त्यानं डोक्यावरची टोपी काढली. काकू झाडापाशी गेल्या. मंत्र नाही, चारी दिशा नाहीत. सालीवर तळवा ठेवला आणि बेशुद्ध होणाऱ्या पेशंटशी बोलत असतील तशा, अगदी हळू, मराठीतच म्हणाल्या, "घाबरायचं नाही हं. मी इथेच आहे. कुठे जात नाही."

मग त्या लोकांनी आम्हाला बाजूच्या माझ्या ड्राइव्हवेपर्यंत मागे हटवलं, आणि काकूंनी तिथेच आपली घडीची खुर्ची मांडली. करवत सुरू झाली. शेंड्याकडून एकेक फांदी उतरू लागली.

"तू जा रे," काकू झाडावरची नजर न काढता म्हणाल्या. "तुझी ट्रेन चुकेल."

"जातो," मी करवादलो. गॅरेजमधून दुसरी खुर्ची काढली, त्यांच्या शेजारी मांडली आणि बुंधा आडवा होईपर्यंत बसून राहिलो.