सातवी गोळी

चौथ्या घराची बेल वाजवतानाच सिस्टरला कळून चुकलं होतं की आजचा दिवस काही सरळ जायचा नाही. पहिल्या घरी पेशंट आत आणि बाहेरच्या कुलपाची किल्ली कामावर गेलेल्या मुलीच्या पर्समध्ये. दुसऱ्या घरी जो पाय कोरडा ठेवा म्हणून तिने तीनदा बजावलं होतं, तो पेशंटने बादलीत बुडवून ठेवलेला, का तर गार वाटतं. तिसऱ्या घरी पेशंट ठणठणीत होता, पण त्याच्या बायकोने अर्धा तास स्वतःची कंबर दाखवली. दवाखान्यात बरं असतं. पेशंट एका जागी पडून असतात आणि नातेवाइकांना भेटीची वेळ ठरलेली असते. घरोघरी फिरून नर्सिंग करायचं म्हणजे नातेवाईक चोवीस तास आणि भेटीची वेळ फक्त नर्सला.

ही वेळ चाळीस मिनिटांची होती. आजीचं ब्लडप्रेशर बघायचं, साखर तपासायची, आठवड्याच्या गोळ्या डब्यात भरायच्या आणि निघायचं. डबा एकवीस कप्प्यांचा होता, सात दिवसांचा, सकाळ-दुपार-रात्र. आजीच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर तो उघडा ठेवून सिस्टरने एकेक गोळी मोजून टाकली. शेवटच्या कप्प्यात शेवटची गोळी पडली आणि ती झाकण लावणार, तेवढ्यात बेल वाजली.

घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला, ढब्बूला, हाक मारलेली ऐकू येत नसे, जेवायला बोलावलेलंही ऐकू येत नसे. बेल मात्र ऐकू येई. तो पलंगाखालून तोफेच्या गोळ्यासारखा सुटला. स्टूल आडवं झालं, डबा उडाला आणि आठवड्याभराचं औषध घरभर पसरलं.

"अगं बाई," आजी म्हणाली. तिला हे सगळं मनापासून आवडलेलं दिसत होतं.

सुनेने येऊन दार उघडलं. दारात एक सत्तरीचे, ताठ, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ उभे होते. सूनबाईच्या तोंडून जेमतेम "मामा, तुम्ही?" एवढंच निघालं.

हे आजीचे धाकटे भाऊ. सहा वर्षं या घराची पायरी चढले नव्हते. भांडण फोटोवरून झालं होतं. एका लग्नात सगळ्या कुटुंबाचा फोटो निघाला, त्यात बाकी एकवीस जण झकास आणि आजीचे डोळे मिटलेले. मामांनी नेमका तोच मोठा करून आपल्या दिवाणखान्यात लावला. आजी म्हणाली, काढ. मामा म्हणाले, बाकीचे सगळे छान आलेत. तेव्हापासून बोलणं बंद.

"नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलोय," मामा सुनेला म्हणाले. "आमच्या हिने पाठवलं म्हणून. दहा मिनिटं थांबतो." पलंगाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मात्र एक नर्स गुडघ्यांवर रांगत गोळ्या वेचतेय म्हटल्यावर माणुसकी म्हणून तेही वाकले आणि वेचू लागले.

सूनबाईची ऑफिसची मीटिंग समोरच्या टेबलावर लॅपटॉपवर चालू होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, जरा टेबलाच्या त्या बाजूने रांगाल का? साहेबांना तुम्ही दिसताय."

पंधरा मिनिटांनी सगळ्या गोळ्या ताटलीत जमल्या. सिस्टरने मोजल्या. पुन्हा मोजल्या. पांढऱ्या बरोबर, पिवळ्या बरोबर. गुलाबी सहा. गुलाबी सात हव्या होत्या, आणि गुलाबी म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी. हरवून चालणार नाही अशी या डब्यात एकच गोळी होती, आणि तीच हरवली होती.

"ढब्बूने खाल्ली असेल," सून म्हणाली.

"ढब्बूने नाही," आजी पलंगावरून ठामपणे म्हणाली. "याने खाल्ली. मी बघितलं. खालून काहीतरी उचललं आणि तोंडात टाकलं. लहानपणापासून सवय आहे त्याला."

मामा सहा वर्षांत पहिल्यांदा बहिणीशी बोलले. "पेपरमिंट होती ती! माझ्या खिशातली! वाकलो तेव्हा पडली."

"पेपरमिंटच होती कशावरून?"

"गार लागली!"

"गोळीपण गार लागत असेल. तू कधी खाल्लीयेस?"

सिस्टरने कपाळाला हात लावला. मग तोच हात फोनला लावला. आजीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "घाबरायचं कारण नाही. पण तीन तास त्यांना सोडू नका. दर पंधरा मिनिटांनी नाडी बघा. आणि गाडी अजिबात चालवू देऊ नका."

"तीन तास?" सिस्टर म्हणाली.

"तीन तास?" मामा म्हणाले.

आजीने उशीवर डोकं टेकलं आणि सुनेला सांगितलं, "मामांना चहा टाक. साखर कमी लागते त्याला."

सिस्टरने वहीत रकाने आखले. एक मामांचा आणि, सून ऐकेना म्हणून, एक ढब्बूचा. ढब्बूची नाडी मांडीच्या आतल्या बाजूला लागते हे तिला माहीत होतं. ते ढब्बूला मान्य नव्हतं. मामांची बावन्न भरली. बरीच कमी. म्हणजे खाल्लीच यांनी.

"बघ," आजी म्हणाली.

तेवढ्यात सिस्टरला तिच्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. या मॅडम नर्सना घरं वाटून द्यायच्या आणि दिवसभर कुठली नर्स कुठे आहे ते नकाशावर बघत बसायच्या. "तुमचा ठिपका तासाभरात हललेला नाही. तिथे मुक्काम ठोकलाय का?"

"मॅडम, इथे एका नातेवाइकांनी पेशंटची गोळी खाल्ल्याचा संशय आहे."

"ते नातेवाईक आपले पेशंट आहेत?"

"नाहीत."

"मग त्यांच्याशी आपला काय संबंध?"

"गोळी आपली आहे."

"आज संध्याकाळी लेखी द्या," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला. लगेच पुढच्या घरच्या काकांचा फोन. त्यांची लघवीची नळी आज बदलायची होती. "सिस्टर, मी कधीपासून पडद्याआड तयार होऊन बसलोय. थंडी वाजायला लागली."

मामांची नाडी दुसऱ्यांदा मोजली तेव्हा पन्नास. तिसऱ्यांदा अठ्ठेचाळीस. मधल्या वेळात दोघं भावंडं भांडत होती, आणि सिस्टरच्या एक गोष्ट लक्षात आली. भांडण फोटोवरून सुरू झालं, तिथून शाळेच्या दप्तरावर गेलं, मग कुणी कुणाला विहिरीत ढकललं होतं यावर, आणि आता दोघं एका मेलेल्या मांजराचं नाव आठवत होती. मामांनी बूट काढून ठेवले होते. खुर्ची दारापासून पलंगापर्यंत कधी सरकली ते कुणालाच कळलं नव्हतं.

चौथ्या वेळी सेहेचाळीस. एवढ्या वर्षांत सिस्टरच्या हातून एकदाही औषधाची चूक झाली नव्हती. आता एक धडधाकट माणूस, पत्रिका द्यायला आलेला, तिने उघड्या ठेवलेल्या डब्यापायी तिच्या डोळ्यांदेखत मंदावत चालला होता. उशी नीट करायच्या निमित्ताने ती आजीच्या पलंगाशी गेली आणि तिथेच तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय?" आजी कुजबुजली.

"आजी, त्यांना काही झालं तर मी काय करू?"

आजीने भावाकडे बघितलं. तो चष्मा पुसत होता. मग तिने पांघरुणाखालून हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. घामेजलेल्या तळहातावर गुलाबी डाग पडला होता आणि डागाच्या मधोमध सातवी गोळी होती.

"आजी!"

"हळू! चादरीवरच येऊन पडली होती. तो दहा मिनिटं थांबणार होता गं. सहा वर्षांनी आला आणि दहा मिनिटं."

सिस्टरला आजीचा गळा दाबावासा वाटला आणि त्याच वेळी तिला मिठीही मारावीशी वाटली. तिने यातलं काहीच केलं नाही. गोळी उचलून एप्रनच्या खिशात टाकली. सुटलो एकदाचे. मामांना सांगायचं, गोळी सापडली, जा घरी. काकांकडे धावत जायचं. संध्याकाळी मॅडमना लिहून द्यायचं. रकाना भरायचा राहिला होता म्हणून तिने शेवटचं मामांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघितलं.

एक्केचाळीस. मध्येच एक ठोका आलाच नाही. पुढचाही जरा विचार करून आला.

गोळी तर सिस्टरच्या खिशात होती. मग ही नाडी कसली होती?

"मामा, चक्कर वगैरे येते का?"

"येते अधूनमधून. परवा गाडी चालवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. वय झालं, दुसरं काय."

तिने थेट डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेले होते. "एक्केचाळीस ना? गोळीचा परिणाम. उतरेल संध्याकाळपर्यंत. पडून राहू द्या."

"डॉक्टर, त्यांनी गोळी खाल्लेली नाही."

"कशावरून?"

सिस्टरने आजीकडे बघितलं. आजी छताकडे बघत होती. सून लॅपटॉप सोडून उठली होती. मामा मनगट तसंच पुढे धरून बसले होते.

"कारण गोळी माझ्या खिशात आहे," सिस्टर म्हणाली.

टेबलावर लॅपटॉपमधून कुणीतरी विचारत होतं, "हॅलो? कुणाच्या खिशात?" मग डॉक्टर भराभर बोलू लागले, रुग्णवाहिका, ताबडतोब, उभं करू नका. सिस्टरने मामांना आडवं केलं, पाय उशीवर घेतले, सुनेला खाली फाटकाशी पिटाळलं. मामांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. तरी ते मान वळवून म्हणाले, "ताई, गोळी तुझ्याकडे होती?"

आजी पलंगाच्या कडेला सरकली आणि तिने त्यांचा शर्ट मुठीत धरला. तो सोडवायला रुग्णवाहिकेतल्या दोघांना जरा वेळ लागला.

मामा वाचले. छातीत ठोके सांभाळणारं छोटं यंत्र बसवलं गेलं. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले की दहा मिनिटांत उठून गाडी चालवत गेले असते, तर बहुधा घरी पोचलेच नसते. हे आजीच्या कानावर गेलं आणि तिने ते लगेच पाठ करून टाकलं.

सिस्टरचं कौतुक कुणी केलं नाही. काकांनी तक्रार केली की पडद्याआड बसून त्यांना सर्दी झाली. मॅडमनी खुलासा मागवला, त्यातला पहिला मुद्दा होता, 'पेशंटचे औषध स्वतःच्या खिशात बाळगल्याबद्दल.' दुसरा होता, 'कार्यालयीन वहीत कुत्र्याची नोंद केल्याबद्दल.' सिस्टरने चार कागद फाडले आणि पाचव्यावर खरं ते लिहिलं. ते वाचून मॅडमना ती थापा मारतेय असं वाटलं.

दहाव्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाजात पहिल्यांदाच साखर होती. "अहो, ते तुमचे मामा. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून महिनाभर बहिणीकडे राहणार आहेत. जखमेचं ड्रेसिंग आहे, नाडी, गोळ्या. सकाळ-संध्याकाळ. दोघांनी तुम्हालाच मागितलंय. दुसरी कुठलीही नर्स नको म्हणाले."

"मॅडम, माझी आधीच सात घरं आहेत."

"तेच म्हणतेय, हे काही नवीन घर नाही. जुनंच आहे."

तर आता आजीच्या खोलीत दोन पलंग होते, मध्ये ढब्बू, आणि दोघांचं बोलणं पुन्हा बंद झालेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला आजी सांगे, "मी गोळी लपवली म्हणून हा जगला." मामा सांगत, "सिस्टरमुळे जगलो. हिला फक्त मजा बघायची होती."

"सिस्टर, तिला सांगा, पंखा बारीक करायला."

"सिस्टर, त्याला सांग, पंखा माझ्या घरातला आहे."

सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास हे चालायचं. सिस्टर गाडीवर बसली तरी तिच्या कानात पंखा फिरत राहायचा. तिने कॅलेंडरवर महिन्याच्या शेवटच्या तारखेभोवती गोल काढला होता, आणि रोज सकाळी ती आधी तो गोल बघायची.

अखेर ती सकाळ उजाडली. जखम भरली होती, नाडी घड्याळासारखी चालली होती. आज 'प्रकृती उत्तम, घरी जाण्यास हरकत नाही' एवढं लिहायचं होतं. सिस्टरने वही उघडली. मामा बाथरूममध्ये गेले तसा आजीने तिचा एप्रन ओढला.

"काय लिहिणार आहेस?"

"बरे आहेत, घरी जाऊ द्या."

"जिने चढवतील का गं त्याला? जरा अशक्त वाटत नाही? बघ ना, तुझ्या हातात आहे."

"आजी, तुम्ही तर त्यांच्याशी बोलतसुद्धा नाही."

"बोलायला माणूस खोलीत तरी हवा ना," आजी म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मामा बाहेर आले. आजी झोपलीय असं समजून ते सिस्टरच्या कानाशी वाकले. "सिस्टर, मला एकदम ठीक वाटतंय. पण ते एवढ्यात लिहू नका. मी गेल्यावर ही दिवसभर कुणाशी भांडणार?"

सिस्टरने दोघांकडे बघितलं. तिने पेन उघडलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'पेशंटला थकवा आहे. अजून चार आठवडे इथेच विश्रांती आवश्यक.' खाली सही केली, तारीख घातली, बॅग उचलली. आपण एक फार चांगलं काम केलं, या आनंदात ती लिफ्टची वाट न बघता दोन जिने उतरली.

तिसऱ्या जिन्यावर तिच्या लक्षात आलं की ते चार आठवडे सकाळ-संध्याकाळ इथे येणारी नर्स कोण आहे. ती तिथेच पायरीवर बसली. वरून आजीचा आवाज आला, "सिस्टर गेली का बघ गं सूनबाई! याला सांगायचंय, पंखा मोठा कर!"