खाटेखालची साथ

सह्यांवर मामींचा विश्वास नव्हता. "सही करायला काय लागतं? हात हलवायचा. जीभ आणि हात माणसं फुकटच हलवतात." मामी तिसरीत शाळा सोडलेल्या, पण माणसं वाचायला त्यांना चष्मा लागत नसे.

गल्लीत फटाक्यांना बंदी हवी, असं सगळेच म्हणत. धावत होत्या एकट्या मामी. कारण घरातच होतं. मामांनी तीस वर्षं दगडखाणीत सुरुंग लावले. एक सुरुंग चुकला, जोडीचे दोघे गेले, मामा उरले. तेव्हापासून कुठे धडाम झालं की हा सत्तरीचा माणूस खाटेखाली शिरे आणि तासभर बाहेर येत नसे. कुणाच्या दारी वरात आली, कुणी मॅच जिंकली, की मामांचं ताट खाटेखाली.

कचेरीतले साहेब म्हणाले होते, "घरात साठा करायला बंदी आहेच, आजी. उडवायलाही बंदी हवी तर लोकांची साथ दाखवा. शुक्रवारी येतो मी."

मामींनी सह्यांचा कागद सुनेच्या हातात दिला आणि स्वतः पोतं घेऊन निघाल्या.

"सही नको. घरातला माल काढा."

शिंपी कळवळला. "मामी, पोराच्या लग्नासाठी ठेवलेत हो!"

"मुलगी ठरली?"

"बघतोय अजून."

"मग तोवर सादळतील. आण इकडे."

अशी छत्तीस घरं झाली. माळा, बाण, सुतळी बॉम्ब, सगळं खाटेखाली रचलं गेलं.

"आई, तिथे बाबा शिरतात," सून हळूच म्हणाली.

"आवाज झाला तर शिरतील ना? गल्लीतला सगळा आवाज आपल्याच घरात आहे. उडवणार कोण?"

सुनेने उरलेली खोकी आत सरकवली.

शुक्रवारी साहेबांची जीप दारात आली आणि तिथेच तिचा टायर फुटला. धडाम! मामा खाटेखाली झेपावले. कमरेपर्यंत गेले आणि अडले. बाहेर नुसते दोन पाय. साहेब उंबऱ्यात थिजले, मामींनी डोळे मिटले.

पाय मागे सरकले. मामा उठून बसले. त्यांनी बोटं हुंगली.

"गॅस बंद कर," ते सुनेला म्हणाले. "साहेब, सिगारेट बाहेर टाका. पार रस्त्यावर. आणि तू, टब भर."

'तू' म्हणजे मामी. त्यांना घरात हुकूम सोडणारं माणूस अजून जन्मायचं होतं. पण त्या मुकाट्याने टब भरायला गेल्या. मामांनी एकेक खोकं उचललं, पाण्यात बुडवलं, वर दगड ठेवला. सकाळी चहाचा कप ज्यांना दोन्ही हातांनी धरावा लागे, त्यांचं एक बोटही थरथरलं नाही.

साहेबांनी वही काढली. "आजी, मी साथ दाखवा म्हणालो होतो."

"ही काय, छत्तीस घरांची साथ. आता भिजली."

"याला साठा म्हणतात. गुन्हा आहे."

"माझं नाव लिहा," टबाजवळून मामा म्हणाले. "माल माझ्या खाटेखाली होता."

"तुम्ही गप्प बसा हो!" मामी कडाडल्या. "चाळीस वर्षांत या घरात माझं एकटीचं म्हणून काही झालं नाही. निदान गुन्हा तरी माझा राहू दे. कुठे करायची सही?"

गिचमिड अक्षरात, जीभ दाताखाली धरून, त्यांनी सही केली. साहेबांनी वहीतून नोटीस फाडून त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी मामींनी रिकाम्या खाटेखाली झाडून घेतलं आणि तिथे एक उशी सरकवून ठेवली. असू दे, लागली तर. मग नोटीस हातात धरून त्या पुन्हा दारोदार निघाल्या, या खेपेला सह्यांचा कागद घेऊन.

शिंपी कुरकुरला. "मामी, सह्या करून होणार काय? नियमाला विचारतो कोण?"

मामींनी नोटीस त्याच्या नाकासमोर धरली.

"वाच. मलासुद्धा सोडलं नाही, तुझी काय कथा? कर सही."