सान्वीचं वय आणि माझी पात्रता

सान्वी झोपली आहे तेवढ्यात लिहून टाकते, बायांनो. उठली की संपलं!

स्त्रीबीज दान कोणाला करता येतं? वय तेवीस ते पस्तीस, लग्न झालेलं, स्वतःचं निदान एक मूल, तेही तीन वर्षं पूर्ण झालेलं. वाचलं आणि मी कॉलर ताठ केली. मी चौतीस, सान्वी साडेतीन. कायदा करणाऱ्यांनी माझंच माप घेतलं असावं!

माझी नणंद वैशाली. मूल हवं तर दुसऱ्या बाईचं बीज घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी तिला सांगितलेलं. "रडतेस काय? मी आहे ना!" म्हणत मी तिला डोंबिवलीहून थेट ठाण्याच्या बीजपेढीत नेलं. कडेवर सान्वी, म्हणजे पात्रतेचा चालताबोलता पुरावा. सासूबाईंना मात्र पत्ता लागू दिला नव्हता. त्यांना सांगणं म्हणजे रिक्षा स्टँडवर भोंगा लावणं!

तिथल्या मेघना मॅडमचा चेहरा कडक इस्त्रीचा. सान्वीकडे वाकून म्हणाल्या, "किती वर्षांची गं तू?"

सान्वीने दोन बोटं नाचवली. "दोन!"

वैशालीने माझा हात करकचून दाबला.

"अहो, साडेतीनची आहे! पाच वर्षांपर्यंत बसचं तिकीट लागतच नाही, तरी आजीने 'दोन'च पढवलंय!"

"तीन पूर्ण नसतील तर मला पुढे जाता येणार नाही."

जन्मदाखला फोनमध्ये होता, पण नेट नुसतं गोल गोल फिरत होतं. मग मी शहाणीने सासूबाईंना फोन लावला. स्पीकरवर!

"आई, ह्या मॅडमना सान्वीचं वय सांगा बरं."

"कोण मॅडम? तिकीट तपासणारी? अगं बाई! दोनच आहे ओ पोरगी! अजून दात यायचेत तिला! सूनबाई, दंड भरू नकोस हां!"

मॅडमनी सान्वीकडे पाहिलं. सान्वी सगळे दात दाखवून हसली.

वैशालीचे डोळे भरले. सख्खी आईच लेकीची आशा बुडवत होती, आणि त्या माऊलीला गंध नाही! तेवढ्यात एकदाचा दाखला उघडला. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"ठीक आहे. वयात बसताय तुम्ही."

"मग वैशालीला कधी...?"

"ह्यांना नाही. ओळखीत देता येत नाही. कोणाचं बीज कोणाला गेलं, ते दोघींनाही कळत नाही."

माझी ताठ कॉलर खाली आली. वैशालीने नाक पुसलं.

"वहिनी, तरी दे. कुणाची तरी वहिनी माझ्यासाठी अशीच कुठेतरी भांडत असेल ना?"

"देते!" मी गरजले.

"आधी रक्त तपासू," मॅडम म्हणाल्या. नर्सने सुई काढली. त्यानंतर मला आठवतं ते एकदम छत!

वैशाली तोंडावर पाणी मारत होती. "तिकडे बघायचंच नाही गं. पहिल्यांदा मीही पडलेले. आता सुई आली की मनात भाज्या मोजते."

"किती वेळा टोचलं गं तुला?"

"भाज्या संपल्या. हल्ली किराण्यावर आलेय."

मी मुकाट हात पुढे केला. भेंडी, गवार... पुढचं काही सुचेचना!

"दुधी," वैशाली कानात म्हणाली.