शिडी धरायला माणूस

बातमी आली तेव्हा गुरुदत्तराव शिडीविषयीच बोलत होते. चाकणच्या एका कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर. सकाळची शिफ्ट सुरू होण्याआधी कामगारांना चार शब्द सांगायचे, हे त्यांचं काम, आणि त्या मंगळवारी शिडीची पाळी होती.

"एकट्याने चढायचं नाही. खाली धरायला माणूस पाहिजे. उतरताना दोन्ही हात मोकळे. आणि खाली माणूस नसेल तर शिडी उभी सोडायची नाही. मिटायची, आडवी करायची, बाजूला ठेवायची."

खिशात फोन थरथरत होता. पण बोलताना फोन घ्यायचा नाही हा नियमही त्यांचाच. त्यामुळे आपण आजोबा झालो, हे कळायला त्यांना शिडी आडवी होऊन बाजूला जाईपर्यंत थांबावं लागलं.

त्यांच्या लेकीला, सईला मुलगी झाली होती. कँटीनमध्ये बर्फी वाटताना एकजण म्हणाला, "साहेब, पाळण्याला हेल्मेट बांधू नका म्हणजे झालं." सगळे हसले. (गुरुदत्तरावांनी मात्र त्यावर क्षणभर खरोखर विचार केला.)

सईचं सासर माण गावात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी आता करणारं कोण होतं? दवाखान्यातून सासरी आल्यावर तिने फोन केला.

"बाबा, आईच्या जुन्या सुती साड्या आहेत ना माळ्यावरच्या पेटीत?"

"असतील."

"असतील काय, आहेत. बाळाला दुपटी शिवायचीत. नव्या कापडात नाही गुंडाळत बाळाला, आजीच्या मऊ साडीत गुंडाळतात. सासूबाई म्हणाल्या, आमच्या घेऊ. मी म्हटलं, नाही, बाबा आणतील. बारशाच्या आधी आणाल ना?"

"आणतो की. त्यात काय?"

त्यात काय, ते त्यांचं त्यांना माहीत होतं. सईची आई वासंती जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या साड्या शेजारच्या इंदुताईंनी धुऊन, घड्या घालून, पेटीत भरून माळ्यावर टाकल्या होत्या. कारण गुरुदत्तराव कपाट उघडायचे, त्याच्यापुढे उभे राहायचे, आणि ते तसंच सताड उघडं टाकून कंपनीच्या बसला पळायचे. तेव्हापासून घरातली शिडी बाल्कनीत आडवी पडली होती. (मिटून. नियमाप्रमाणे.) पॅसेजमधला दिवा गेला तो गेलाच. पंख्यावर इतकी धूळ साचली की बटण दाबलं की घरात चाकण-तळेगाव रस्ता अवतरायचा. पण करणार काय? शिडी धरायला माणूस नव्हता.

पूर्वी वासंती धरायची. एका हातात शिडी, दुसऱ्या हातात झाडू. दर दिवाळीच्या साफसफाईला गुरुदत्तराव चढण्याआधी तिला सगळे नियम ऐकवायचे, आणि दर दिवाळीला ती म्हणायची, "झालं भाषण? चढा आता, भाजी लागतेय खाली."

रविवारी सकाळी त्यांनी इंदुताईंच्या यजमानांना, उद्धवरावांना गाठलं. उद्धवराव मूळचे भोसरीचे. शेतात वर्कशॉपच्या शेड उभ्या राहिल्या तसे ते मोशीच्या या सोसायटीत आले, आणि हात रिकामे नकोत म्हणून सोसायटीच्या पाण्याचा कारभार अंगावर घेऊन बसले.

"धरतो की राव," उद्धवराव म्हणाले. "शिडी धरायला काय पैलवान लागतो व्हय?"

गुरुदत्तराव हेल्मेट घालून, कंपनीचे बूट चढवून स्वयंपाकघरात आले. फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला, कारण शिडीवर फोन नेत नाहीत. मग उद्धवरावांना समोर उभं करून त्यांनी सुरुवात केली. पाय कुठे, हात कुठे, नजर कुठे. आणि खाली माणूस नसेल तर शिडी उभी ठेवायची नाही, हे तर दोनदा सांगितलं.

"आवं साहेब," उद्धवराव जांभई देत म्हणाले, "चढायचं तुमाला का मला?"

पेटी माळ्याच्या पार कोपऱ्यात होती. ती गाठायला गुरुदत्तरावांना शिडी सोडून अख्खं माळ्यावर शिरावं लागलं. वरती स्लॅब इतका खाली की बसता येईना. रांगत, हेल्मेट टक्‌टक् आपटत ते पेटीपाशी पोचले. तेवढ्यात जिन्यातून इंदुताईंची हाक आली.

"आवं! टँकर आलाय! ड्रायव्हर म्हणतोय, कॉक उघडा न्हाईतर चाललो!"

मोशीत टँकर परत जाणं म्हणजे काय, ते मोशीकरालाच विचारावं. उद्धवराव "आलोच साहेब!" म्हणून वळले, आणि दाराशी थबकले. माणूस तसा ऐकणारा. मागे येऊन त्यांनी शिडी मिटली, बाल्कनीत नेऊन आडवी केली, घराचं दार नीट ओढून घेतलं आणि गेले.

वर गुरुदत्तरावांना हेल्मेटमुळे यातलं फारसं काही ऐकू आलं नाही. ते पेटीच्या झाकणावर हात ठेवून पडून राहिले होते. झाकण उघडलं की वासंतीचा वास येईल, याची त्यांनी आठवडाभर मनाची तयारी केली होती. शेवटी श्वास धरून त्यांनी झाकण उचललं.

वास आला तो डांबराच्या गोळ्यांचा.

"उद्धवराव," ते जरा वेळाने म्हणाले, "घ्या हो खाली."

त्यांनी कडेपर्यंत सरपटत येऊन खाली पाहिलं. उद्धवराव नव्हते. शिडीही नव्हती. खरं सांगायचं तर उद्धवरावांनी एकही नियम मोडला नव्हता.

उडी मारावी? खाली ओटा, ओट्यावर गॅस. शिवाय उंचावरून उडी मारणाऱ्या माणसावर लाल फुली, असं चित्र त्यांनीच कंपनीच्या गेटवर लावलं होतं. ओरडून पाहिलं. पण खाली टँकरचा पंप घरघरत होता, आणि त्याच्याही वर उद्धवरावांचा आवाज: "ह्यो टँकर भरलेला हाय व्हय? अर्धा हाय अर्धा!" मग तो आवाजही थांबला. टेबलावर फोन वाजू लागला. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. सईच असणार. बाळ कुशीत घेऊन ती फोन लावतेय, आणि आपण हेल्मेट घालून माळ्यावर पालथे पडलोय.

दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून ते परत पेटीकडे गेले आणि एकेक घडी काढून बघू लागले. बहुतेक साड्यांचा रंग उडालेला, पोत मऊ झालेला. दुपट्याला अगदी हव्या तशा. हिरव्या काठाची मात्र हातात घेतली तशी पदराच्या टोकाला काहीतरी टोचलं.

गाठ होती.

वासंतीची ही सवय. काही आठवणीने करायचं असलं की पदराला गाठ मारायची आणि काम झालं की सोडायची. दवाखान्यात नेलं त्या दिवशी ही साडी तिच्या अंगावर होती. इंदुताईंनी गाठीसकट धुतली होती, त्यामुळे ती आवळून खड्यासारखी घट्ट झाली होती.

काय लक्षात ठेवायचं होतं तिला? गॅसचा नंबर लावायचा? गिरणीतून पीठ आणायचं? गुरुदत्तरावांनी सगळं आठवून पाहिलं. आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या? मग आपण त्या घेतल्या का नंतर? की दुधाचं काही? हजारभर कामगारांना रोज सकाळी लक्षात आणून देणारा माणूस, आणि बायकोच्या एका गाठीपुढे त्याची मती चालेना. नखाने गाठ सोडायला गेले. ती जराशी हलली. तसा त्यांनी हात काढून घेतला.

इकडे टँकरवाल्याशी भांडून दमलेले उद्धवराव जेवून आडवे झाले होते. इंदुताईंचा फोन वाजला.

"काकू, बाबा फोनच उचलत नाहीयेत," सई रडवेली झाली होती. "जरा बघता का?"

इंदुताईंनी नवऱ्याला हलवलं. "आवं, शिडी धराया गेलावता ना?"

"धरली की. मिटून आडवी करून ठेवली, त्यांनी सांगितली तशी."

"आन् साहेब?"

उद्धवराव उठून बसले.

वासंतीने कधीकाळी शेजारी देऊन ठेवलेली किल्ली इंदुताईंनी शोधून काढली. दार उघडेपर्यंत निम्मी सोसायटी जमली होती. माळ्याच्या कडेवरून एक पिवळं हेल्मेट तेवढं खाली बघत होतं.

"साहेब, बरं हाय ना?" उद्धवरावांनी विचारलं.

"शिडी लावा," हेल्मेट म्हणालं.

"आवं, पण तुमीच म्हणलावता..."

"हो. मीच म्हटलं होतं."

शिडी लागली. ती धरायला आता जरुरीपेक्षा जास्त माणसं होती. एकजण व्हिडिओ काढत होता. उद्धवराव दोन पायऱ्या चढून हात पसरून म्हणाले, "काय काढायला गेलावता? द्या, मी घेतो खाली."

गुरुदत्तरावांनी मागे पेटीकडे पाहिलं. झाकण लावलेलं होतं.

"राहू द्या," ते म्हणाले, आणि दोन्ही हात मोकळे ठेवून नियमाप्रमाणे खाली उतरले.

व्हिडिओ त्यांच्या आधी चाकणला पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामगार गंभीर चेहरे करून उभे होते. एकाने हात वर केला. "साहेब, शिडी मिटायच्या आधी वर कोण आहे का ते बघायचं, हे नियमात घालायचं का?"

"घाला," गुरुदत्तराव म्हणाले.

बारशाला ते बर्फीचा बॉक्स आणि चांदीचे वाळे घेऊन गेले. बाळ सासूबाईंच्या साडीच्या दुपट्यात गुंडाळलेलं होतं, आणि छान दिसत होतं. सईने बाबांच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. मागे उद्धवराव पाहुण्यांना सगळी हकिकत रंगवून सांगत होते. मध्येच थांबून त्यांनी तिथूनच शब्द दिला, "साहेब, येत्या रविवारी परत धरतो. टँकर गेला तर गेला, जागचा हलायचा न्हाई मी!"

गुरुदत्तराव "हो, हो" म्हणाले.

तो रविवार येऊन गेला. उद्धवराव सकाळीच येऊन शिडी धरून उभे राहिले होते, दोघांनी चहाही घेतला. साड्या अजून माळ्यावरच आहेत, गाठीसकट.