वाऱ्याची बदली

"डोकं आहे की खुळखुळा, तेच कळेना मला," मोटरसायकलवरून उतरून हेल्मेट काढता काढता बायको म्हणाली, आणि कवळीवाल्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की या वाऱ्याचा बंदोबस्त करायचा.

कवळीवाले म्हणजे दातांच्या कवळ्या करणारे. कुठं टोचतंय, कुठं हलतंय एवढं विचारायचं आणि घासून आणायचं, यात आयुष्य गेलेलं. सवय इतकी अंगात मुरलेली, की घरातही कुणी तोंड उघडलं की ते दुरुस्तीलाच बसत. बायको म्हणाली, मुलगी लांब गेल्यापासून घर खायला उठतं. त्यांनी बैठकीची खोली रंगवून घेतली. बायको म्हणाली, झोप लागत नाही. नवी गादी आली. नव्या गादीवरही ती जागीच राहिली, फक्त सांगायची थांबली. मग एक दिवस एवढंच म्हणाली, "मी अक्काकडे जाते राहायला. परत कधी, ते बघू." अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. त्यावर उपाय म्हणून ही लांब पल्ल्याची, जाडजूड मोटरसायकल आली होती. दोघांनी मिळून फिरायचं, मन रमेल.

आणि पहिल्याच फेरीत हा वारा. गाडीनं वेग घेतला, की तो दोघांच्या हेल्मेटला दोन्हीकडून थपडा मारी. कवळीवाल्यांचा हिशेब सरळ होता: वारा गेला तर बायको राहील, वारा राहिला तर बायको जाईल.

त्यांनी गाडीला पुढून उंच काच बसवली. त्यांची छाती शांत झाली, डोकंही बरंचसं शांत झालं.

"आता कसं?" त्यांनी चौकात थांबून विचारलं.

"तुमच्या डोक्यावरून उडी मारतोय आणि थेट माझ्या तोंडावर येतोय."

म्हणजे वारा गेला नव्हता. त्याची नुसती बदली झाली होती. त्यांनी आणखी उंच काच आणली. तिच्यातून रस्त्यावरचे सगळे खड्डे बुजलेले दिसत. ते बुजलेले नाहीत, हे कंबरेला कळे. शिवाय वारा आता वरून येईना म्हणून खालून, गुडघ्यांच्या बाजूनं शिरू लागला. खालच्या फटींना पंख्यासारखे दोन आडोसे हवे होते. ते विकत आणण्यापेक्षा घरीच करू म्हणून त्यांनी हाताशी होतं तेच प्लॅस्टिक घेतलं. हाताशी होतं ते कवळीचं, हिरड्यांच्या रंगाचं.

"भाऊजी, गाडीला हिरड्या आल्या की," मेहुणा म्हणाला. "आता दात फुटेपर्यंत थांबायचं का?"

"तू बस पुढे आणि चालव. मागे काय होतं ते मलाच बघू दे."

अख्खी सकाळ मेहुण्यानं गाडी चालवली आणि कवळीवाल्यांनी मागे बसून, पुन्हा पुन्हा उतरून काच जरा वर, जरा खाली, आडोसा जरा आत, जरा बाहेर केला. शेवटी मागच्या सीटवर देवघरासारखी शांतता झाली. घाईघाईनं बायकोला मागे बसवून ते स्वतः पुढे बसले, तर पुन्हा खुळखुळा. मेहुणा त्यांच्याहून हातभर उंच होता. एकाच्या तोंडाची कवळी दुसऱ्याला घातल्यासारखं झालं. आपल्याच धंद्यातली पहिली चूक आपणच करावी, याचं त्यांना फार वाईट वाटलं. दुकानात एक गिऱ्हाईक बोळक्या तोंडानं ताटकळत होतं. "वारा आटोपला की तुमचंच," एवढं त्याला सांगून ते पुन्हा काच घासायला बसले.

शनिवारी जमलं. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडीनं वेग घेतला आणि कानाशी काहीच नाही. त्या शांततेत कवळीवाल्यांना मागून बायकोचं बोलणं ऐकू आलं. ती कुणाशी बोलत होती, देव जाणे.

"...पोरगी फोन करते तोही आपला उरकल्यासारखा. आपण तिला नकोसेच झालोत..."

"मग रोज आपणच लावू फोन," कवळीवाले उत्साहानं म्हणाले. "वेळ ठरवून टाकू."

मागचं बोलणं तुटलं ते तुटलंच. फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली.

"रोज अशी बोलायचीस मागे बसून?"

"बोलायचे. वाऱ्यात कुणाला ऐकू जात नव्हतं म्हणून."

"मग वाऱ्याची तक्रार कशाला केलीस?"

"तक्रार कुठं केली? डोकं खुळखुळतं एवढं म्हटलं. तुम्ही पाने-पकड घेऊन बसलात." ती रस्त्याकडे बघत राहिली. "उद्याच्या बसचं तिकीट काढलंय मी."

कवळीवाले गाडीवरून उतरले. खाली बसून त्यांनी एकेक स्क्रू काढला. काच काढली, हिरड्याही काढल्या, सगळं दोरीनं गाडीला मागे बांधलं. "बस," म्हणाले.

परतताना वाऱ्यानं जुनी थकबाकी वसूल केल्यासारख्या थपडा मारल्या. बायको मागे बोलते आहे की नाही, तेही कळेना. असेना का. ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर कवळीवाल्यांचंही तोंड उघडलं. वर्षभर उजवा हात थरथरतोय, ते म्हणाले. साचा नीट बसत नाही. दुकान बंद करावं लागेल, आणि ते लोकांना सांगायची लाज वाटते. तू गेल्यावर घरात मी दुरुस्त तरी काय करत बसू? घर येईपर्यंत ते बोलत होते. अशी मोकळीक त्यांना कधी माहीत नव्हती. बायको वाऱ्यावर का भाळली, ते आत्ता कळलं.

घरी आल्यावर हेल्मेट खुंटीला अडकवत बायकोनं विचारलं, "वर्षभर थरथरतोय हात?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. फाट्यापासून दारापर्यंत."

"अगं, पण एवढ्या वाऱ्यात..."

"वारा पुढून मागे वाहतो, अहो. माझं तुम्हाला येत नव्हतं. तुमचा शब्द न शब्द येत होता मला."

वाऱ्याची एवढी मापं काढली, पण तो कुठून कुठं जातो, हे मोजायचंच राहून गेलं होतं. कवळीवाले खुर्चीत बसले आणि आता डॉक्टर निघेल, तेल निघेल, पथ्य निघेल म्हणून वाट बघू लागले. बायकोनं काहीच काढलं नाही. शेजारी येऊन बसली. बराच वेळ दोघं भिंतीच्या नव्या रंगाकडे बघत राहिली.

"उद्याचं तिकीट रद्द करते," शेवटी ती म्हणाली. "पण ती गाडी चालवायला शिकवा मला."

"तुला? कशाला?"

"मी पुढे बसून बोलेन. तुम्हाला सगळं नीट ऐकू येईल."

कवळीवाल्यांनी विचार केला. "आणि त्यावर मी काही सुचवलं तर?"

"ते मागच्या मागे जाईल," बायको म्हणाली.