म्हाळूतात्यांचा गारवा

इंदापूरचे म्हाळूतात्या गाडीच्या एसीचा गारवा डाव्या गालानं मोजायचे. पुढच्या सीटवर बसायचे, वाऱ्याच्या जाळीसमोर मान तिरकी करायचे आणि डोळे मिटून गाल पुढं करायचे. त्या गालाची दाढी रोज व्हायची. उजव्याची फक्त बाजारच्या दिवशी. "उजवा गाल लोकांसाठी हाय, डावा कामासाठी," हे ते कुणी न विचारताच सांगत.

थर्मामीटर होता त्यांच्याकडं, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी खिळ्याला टांगलेला. "काचेला काय कळतंय गार? तिला कधी ऊन लागलंय?"

गारव्याच्या त्यांनी पायऱ्या केल्या होत्या. झाडाखालची गार, माठाची गार, विहिरीची गार, आणि सगळ्यांत वर गारेगार. "माठापतूर आलीया. विहीर आजून लांब हाय," असं म्हणून डोकं पुन्हा बॉनेटमध्ये.

तात्या मूळचे मोरगावकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. आधी ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. मग चांगलं चाललेलं काम सोडून, पिकल्या मिशांनी पुण्यात एसीचं काम शिकायला गेले आणि परत येऊन हायवेला पाटी लावली. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट असेल. लोक हसायचे. "तात्या, इंदापुरात एसीच्या गाड्या हायेत तरी किती?"

"येतील की. रस्ता कुठं पळून चाललाय?"

आणि आल्या. पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या गाड्या घामाघूम होऊन त्यांच्या दारात थांबायला लागल्या. तात्यांची छाती फुगायची. "पुण्यात गार हुती, इंदापुरात गारेगार हुती," हे ते प्रत्येक गाडी सुटताना, ऐकणारा कुणी असो-नसो, मोठ्यानं म्हणायचे.

मी बारामतीचा. भाड्यानं मिळणारी एसी मोटार आमच्या गावात तेव्हा माझी एकटीच, आणि त्याचा मला तात्यांइतकाच तोरा होता. ऐन लग्नसराईत तिनं दगा दिला. जाळीतनं वारा झकास यायचा, पण चुलीपुढं बसल्यासारखा. दुसऱ्या दिवशी एका नवरीला सोलापूरला सासरी पोचवायचं होतं. तिच्या वडिलांनी दोनदा विचारलं होतं, "गाडी गार आहे ना? पोरीला ऊन सोसत नाही." मी छातीवर हात मारून होय म्हणून बसलो होतो. सकाळीच इंदापूर गाठलं.

"तात्या, गॅस संपलाय वाटतं. पुण्यात दोनदा भरला, तरी..."

झालं. तात्या भडकले. "गॅस काय चहा हाय व्हय, पिऊन संपायला? गॅस संपत न्हाय, सुभाषराव, गॅस पळतो! आन् पळाला आसंल तर मागं खुणा ठेवतो. आधी बघू तरी, पळालाय का घरातच बसलाय."

मग त्यांनी हात वर करून "आवाज बंद!" असा पुकारा केला. शेजारच्या पानवाल्यानं निमूट रेडिओ बंद केला. सगळ्यांना सवय होती. इंजिन चालू, एसी चालू. आत कुठंतरी टक् वाजलं.

"ऐकलं? पंपानं पकडलं." दोन नळ्यांवर त्यांनी दोन हात ठेवले. एक हात झटक्यानं मागं आला, दुसरा तिथंच रेंगाळला. "ही तापलीया, ही गारठलीया. म्हंजी गॅस हाय, पंप हाय, गार बी तयार हुतंय. मग घरात येईपतूर तिला तापवतंय कोन?"

ते डॅशबोर्डखाली पाठीवर झोपले. थोड्या वेळानं खालून हसण्याचा आवाज आला. "आरारारा! सुभाषराव, हीटर चालू हाय तुमचा!"

हीटरकडं जाणाऱ्या गरम पाण्याचा कॉक बंद करणारी तार निसटली होती. इंजिनाचं उकळतं पाणी आत फिरत होतं आणि एसीनं केलेला सगळा गारवा वाटेतच तापवत होतं. तात्यांनी तार जागेवर बसवली, गाल लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि जाहीर केलं, "गारेगार!"

मी किल्ली मागितली. "थांबा. ट्रायल ऱ्हायली," म्हणून ते गॅरेजमागच्या घरात गेले आणि बायकोला घेऊन आले. काकी डोक्यावर पदर घेऊन, अंग चोरत मागच्या सीटवर बसल्या. बाहेर टळटळीत दुपार. मला वाटलं, तात्यांना बायकोपुढं मिरवायचंय. मिरवू दे.

तात्यांनी काचा वर केल्या आणि गाडी पुण्याच्या दिशेला सोडली. स्वतःच्या हुशारीची कथा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी आरशात पाहिलं आणि कथा अर्ध्यावरच सोडली. मागं काकींची मान कलली होती.

"झोपली," ते कुजबुजले. तात्यांना कुजबुजता येतं हे मला तेव्हा कळलं. "उन्हाळ्यात दिवसाची झोप न्हाय तिला, रातची बी न्हाय. गुऱ्हाळात कढईतला रस पाठीवर सांडला हुता. त्या कातडीला घाम येत न्हाय. आतल्या आत तापती नुसती. वली चादर गुंडाळली, पंखे लावले. कशानं भागंना. म्हणलं, ही इद्याच शिकावी. आपली मोटार कवा हुणार? पन लोकांच्या तर दुरुस्त करता येत्याल."

वळून परत यायची जागा आली. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. गाडी हळू केली.

"चला पुढं," मी म्हणालो. "भिगवणला जाऊन येऊ. लांबची ट्रायल झालेली बरी. उद्या नवरी न्यायचीय."

तात्या खड्डे चुकवत, हॉर्न न वाजवता गाडी चालवत राहिले. मागून ट्रक ओरडत पुढं जात होते. उजवीकडं लांबवर उजनीचं पाणी उन्हात चमकत होतं.

भिगवणच्या बाजारात गाडी थांबली तशा काकी जाग्या झाल्या. लाजून त्यांनी पदर सारखा केला. मग काचेला हात लावून बघितला, आणि माझ्याकडं वळून ठसक्यात म्हणाल्या, "भाऊ, यांच्यासारखा कारागीर तुमाला पुण्यात बी घावायचा न्हाय."

सकाळपासून स्वतःचीच तारीफ करणारे म्हाळूतात्या यावर काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ते कानापर्यंत लाल झाले होते. नव्या नवरदेवासारखी मान खाली घालून, ते उगाचच गिअरचा दांडा पुसत बसले.